गिऱ्हाईक म्हणतंय रीच-रोहसवर सही करून पाठवा. डोळे झाकून करू का?

जॉबवर्कवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापूरजवळ शिरोलीत छोटं मशीनशॉप आहे. दोन व्हीएमसी, तीन सीएनसी, एक म्हातारं रेडियल ड्रिल आणि अकरा माणसं. शेजारच्या फाउंड्रीतनं पंपाच्या बॉडीचं कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करतो, गनमेटलचा बुश ठोकतो, चार यलो झिंक स्टड लावतो, प्रायमर मारतो, व्हीसीआय म्हणजे गंजरोधक पिशवीत घालतो आणि पुण्याला पाठवतो. पुण्याची पार्टी पुढं पंप करून जर्मनीला पाठवते. सात वर्षं झाली, रिजेक्शन सोडलं तर कुणी कधी काय विचारलं नाही.

परवा मेल आला. चार फॉर्म जोडलेत, रीच, रोहस, आयएमडीएस आणि चौथा पीएफएएस का कायतरी. सगळ्यावर खाली लिहिलंय की आमच्या मालात अमुक अमुक पदार्थ नाहीत असं आम्ही जाहीर करतो. सात दिवसांत सही-शिक्का नाही आला तर सप्लायर कोड ब्लॉक.

आमचे अकाउंटंट म्हणाले, हाण शिक्का, आजवर आयएसओच्या कागदावर काय वाचून सही केली होती? एका कन्सल्टंटला फोन केला तर त्यांनी पंचेचाळीस हजार प्लस जीएसटी सांगितले आणि दहा मिनिटं इंग्रजी बोलले, त्यातलं मला फक्त प्लस जीएसटी कळलं.

प्रामाणिकपणे विचारतो, आमच्या मालात काय काय आहे ते मलाच माहीत नाही. सही करू का?

तांबडा_पांढरा

सही कर आणि खाली बारीक अक्षरात लिही, पांढऱ्या रश्शात काय घातलंय ते आमची आजी पण सांगत नव्हती.

उद्यमनगरी

भावा नको करूस. मी केली होती. चार वर्षांपूर्वी अशीच फटकन सही मारून पाठवली, दीड वर्षानं गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकानं तिकडं लॅबला पार्ट घातला, आणि स्टडच्या प्लेटिंगमधी हेक्स क्रोम, म्हणजे सहा व्हॅलन्सीचं घातक क्रोमियम, सापडलं. तीन महिन्यांचा माल परत. त्यांनी आमचंच डिक्लेरेशन आमच्या तोंडावर मारलं. प्लेटिंगवाल्याकडं गेलो तर तो म्हणतो, "मालक, तुम्ही यलो म्हणाला, मी यलो केलं, तुम्ही कधी विचारलंत का यलो कशाचं?" त्याचंही काय चुकलं सांगा.

पुणेरी_पाटी

मी अशाच एका पुण्याच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीत आहे (तुमच्या नाही बहुतेक, तरी शिव्या दबक्या आवाजात द्या). फॉर्म आम्ही पाठवतो हे खरं, पण आम्हालाही वरून येतात, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडचे निम्मे लोक चारही फॉर्म एकच समजून सरसकट सगळ्यांना पाठवतात. म्हणून आधी वेगळे करून घ्या.

रीच हा युरोपचा रसायनांचा कायदा, 2007 पासून लागू, त्याचं ऑफिस हेलसिंकीला. त्याच्या एका यादीत घातक पदार्थांची नावं असतात, तिला सगळे एसव्हीएचसी यादी म्हणतात. 2008 ला 15 पदार्थ होते, आता अडीचशेच्या घरात. साधारण सहा महिन्यांनी त्यात भर पडते.

रोहस फक्त विजेवर चालणाऱ्या वस्तूंना. शिसं, पारा, कॅडमियम, हेक्स क्रोम, दोन ब्रोमीनवाले गट, आणि जुलै 2019 पासून चार थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला घालतात ते). कॅडमियमला 0.01 टक्का, बाकी सगळ्यांना 0.1 टक्का.

आयएमडीएस म्हणजे मोटारगाड्यांचा डेटाबेस. पंप गाडीत बसत नसेल तर तो फॉर्म तुम्हाला लागूच नाही, तसं लिहून परत पाठवा. भीती वाटायचं कारण नाही. "लागू नाही" हे पण उत्तरच असतं, आणि ते कारणासकट लिहिणारा सप्लायर मला शंभरात दोन भेटतात.

पीएफएएस म्हणजे टेफ्लॉनच्या जातीतले पदार्थ. त्यातल्या काहींवर बंदी आहे, पण सगळ्या जातीवरच बंदी घालायचा प्रस्ताव जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे यांनी 2023 ला मांडला आणि तेव्हापासून सगळे माहिती गोळा करत सुटलेत. तुमच्यात विटॉनची ओ-रिंग किंवा टेफ्लॉन टेप आहे का? असेल तर "आहे" लिहा. आहे म्हणून कुणी मारत नाही.

जॉबवर्कवाला

@पुणेरी_पाटी लई आभार. टेप आहे, एका प्लगला गुंडाळतो. पण सर, "आहे" लिहिलं तर ऑर्डर जाणार नाही का? फॉर्मवर तर सरळ "नाही" छापूनच आलंय, मी फक्त सही करायची.

पुणेरी_पाटी

तीच तर गंमत आहे. एसव्हीएचसी यादीत नाव असणं म्हणजे बंदी नव्हे. 0.1 टक्क्याच्या वर असेल तर पुढच्याला सांगायचं, हे मुख्य बंधन. तिकडच्या साध्या ग्राहकानं विचारलं तर 45 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते उत्तर द्यायला आमच्याकडे माहिती पाहिजे म्हणून आम्ही तुमच्या मानगुटीवर. छापील फॉर्म आमच्याच एखाद्या ट्रेनी इंजिनिअरनं बनवलेला असणार, तो खोडून स्वतःच्या लेटरहेडवर लिहा.

घाटावरचा

हे सगळं युरोपचं नाटक आहे राव. दोनशे वर्षं नद्या घाण केल्या, पोट भरलं, आता आम्हाला शिकवतात. माल स्वस्त पाहिजे आणि वर सर्टिफिकेट पण पाहिजे. आपल्या सरकारनं पण त्यांच्या मालाला असेच फॉर्म लावले पाहिजेत.

इचलकरंजीकर

@घाटावरचा अर्धं पटलं. पण आमच्या गावाची गोष्ट ऐका. नव्वदच्या दशकात जर्मनीनं अझो रंगांवर बंदी आणली तेव्हा इथं सगळे असंच म्हणत होते. नाटक, दादागिरी, धंदा मारायचा डाव. मग आपल्याच सरकारनं सुद्धा 112 रंगांवर बंदी घातली, शेवटची मोठी यादी 1997 ची. कारण त्या रंगांतनं सुटणारी अमाइन कॅन्सर करतात, आणि कापड घालणाऱ्याच्या आधी ती रंगवणाऱ्याच्या हाताला लागतात. सायझिंगच्या खळीला बुरशी लागू नये म्हणून पीसीपी नावाचं रसायन घालायचे, ते पण असंच गेलं. माझे चुलते त्या खळीत कोपरापर्यंत हात घालायचे.

आता तिकडची मर्यादा एका अमाइनला किलोत 30 मिलिग्रॅम, आणि इकडं एक्स्पोर्टवाला प्रत्येक जण रंगाच्या डब्याबरोबर कागद मागतो. धंदा काय मेला नाही. लोकल मालाचं मात्र विचारू नका.

निवृत्त_कोअरमेकर

मी फाउंड्रीत एकतीस वर्षं काढली, कोअर शॉपला. तुमचा फॉर्म वाचला. त्यात विचारलंय ते तुकड्यात काय आहे. रेझीनच्या वाळूत मेटल ओतलं की रेझीन जळून जातं, कास्टिंगमध्ये काही उरत नाही, त्यामुळे फाउंड्रीचं पोर बिनधास्त "नाही" लिहिणार आणि ते बरोबरच आहे. पण ते जळताना जो वास यायचा, फॉर्मल्डिहाइडनं डोळे चुरचुरायचे, दुपारच्या जेवणाला भाकरीला पण तोच वास, त्याचा फॉर्म एकतीस वर्षांत मला कुणी पाठवला नाही. जर्मनीनं पण नाही आणि पुण्यानं पण नाही.

असो. गरमीचे दिवस आहेत, पोरांनी गूळपाणी पीत जा.

वरणफळ

काका, गूळ तरी कुठला आता. पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोस मारतात. काळपट गूळ दिला तर गिऱ्हाईक म्हणतंय जुना आहे का.

तांबडा_पांढरा

म्हणजे यलो झिंक आणि यलो गूळ, दोन्हीत गिऱ्हाइकाला पिवळंच पाहिजे. कोल्हापूरच्या पिवळ्याचा नाद खुळा ;)

संपादक

गुळासाठी वेगळा धागा आहे. इथं विषयाला धरून राहा.

लॅबवाली

पुण्यात एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये होते, आता कोल्हापुरात घरी बसून कागद तपासायची कामं करते. जॉबवर्कवाला, तुमच्या पार्टचे तुकडे करून बघू या, सगळं एकदम घेतलं म्हणून घाबरायला होतंय.

कास्टिंग: साधं ग्रे आयर्न असेल तर जवळजवळ काहीच नाही. कुणीतरी घाबरवेल की तुमच्या ग्रेडमध्ये क्रोमियम आहे. ते धातूच्या रूपातलं क्रोमियम. घातक आहे ते सहा व्हॅलन्सीचं. स्टीलच्या ताटात जेवतो तेव्हा पण क्रोमियमवरच जेवतो.

बुश: इथं थांबा. गनमेटल कुठलं? आपल्याकडे बहुतेक 85-5-5-5 वापरतात. 85 तांबं, 5 कथील, 5 जस्त आणि 5 शिसं. शिसं जून 2018 मध्ये एसव्हीएचसी यादीत आलं. म्हणजे 0.1 च्या जागी 5 टक्के. सांगायलाच लागणार.

स्टड: यलो पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवरचा पिवळा थर, कशाचं, हे प्लेटिंगवाल्याकडनं लेखी.

प्रायमर: डब्यावरचं नाव आणि एसडीएस, म्हणजे मालात कुठली घातक रसायनं आहेत ते सांगणारा कंपनीचा सुरक्षा कागद, पूर्वी ज्याला एमएसडीएस म्हणायचे तो.

पिशवी आणि गंजरोधक तेल: त्यांचे पण एसडीएस. तेलात बोरिक अ‍ॅसिड किंवा क्लोरिनेटेड पॅराफिन आहे का बघा. कटिंग ऑइल धुऊन जातं, पण वरून लावलेलं तेल पार्टबरोबर जर्मनीला जातं.

आणि उगाच अडीचशे पदार्थांची चाचणी करायला जाऊ नका. पार्टपेक्षा रिपोर्ट महाग पडेल. लोखंडात कोण थॅलेट शोधणार? जिथं असायची शक्यता आहे तिथंच विचारायचं.

जॉबवर्कवाला

@लॅबवाली ताई, बुशचं पटलं. पण बुश 80 ग्रॅमचा आहे आणि बॉडी 12 किलोची. 80 चे 5 टक्के म्हणजे 4 ग्रॅम शिसं. 12 किलोत 4 ग्रॅम म्हणजे 0.03 टक्के. मग 0.1 च्या खालीच की! आमच्या अकाउंटंटनी पण हेच काढलं, ते एकदम खूश आहेत.

लॅबवाली

अकाउंटंटना माझा नमस्कार सांगा :) पूर्वी युरोपातले कितीतरी जण असंच भागायचे. त्यावर खटला झाला आणि सप्टेंबर 2015 मध्ये तिथल्या न्यायालयानं सांगितलं की वस्तू एकदा वस्तू झाली की दुसऱ्या मोठ्या वस्तूत बसवली तरी ती वस्तूच राहते. टक्का बुशचा बुशवर काढायचा. नाहीतर विमानात काहीही चालेल, विमान केवढं जड.

पुणेरी_पाटी

यात भर घालतो. तुमचा पंप मोटरसकट विकला जात असेल तर तो रोहसमध्ये येऊ शकतो, हे पुण्याच्या पार्टीला लेखी विचारा, अंदाज करू नका. आणि आला तर बुश अडचणीत. रोहसमध्ये तांब्याच्या मिश्रधातूला शिशाची सवलत आहे, पण 4 टक्क्यांपर्यंतच. तुमचं 5.

उद्यमनगरी

आयला. म्हणजे आमचे पण बुश गेले.

पैंजण

हुपरीहून लिहितोय. तुमच्याकडं शिसं तसं आमच्याकडं कॅडमियम. चांदीच्या पैंजणाला डाग द्यायला पूर्वी कॅडमियमवालं सोल्डर वापरायचे, लवकर वितळतं, जोड दिसत नाही. सोन्यात केडीएम म्हणतात ना, ते म्हणजे कॅडमियमच. लोक केडीएम म्हणजे भारी सोनं समजून जास्त पैसे देत होते :)

युरोपनं दागिन्यांत कॅडमियम 0.01 टक्क्यावर आणलं, जानेवारी 2012 पासून. इथं आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग एका व्यापाऱ्याचा माल अडकला आणि एका हंगामात निम्म्या गल्लीचं सोल्डर बदललं. कारागिरांना धुराचा त्रास होतोय हे सगळ्यांना माहीत होतंच की, पण बदललं ते माल अडकल्यावर. मी पण त्यातलाच, उगाच साव बनत नाही.

जॉबवर्कवाला

बरं मग एक आयडिया आली. गुजरीत सराफांकडं ते मशीन असतंय बघा, दागिना ठेवला की स्क्रीनवर टक्के येतात. त्याच्यावर स्टड ठेवला तर?

लॅबवाली

आयडिया वाईट नाही, एक्सआरएफच ते. बुशमधलं शिसं त्यावर दिसेल, पण सराफाचं मशीन सोन्याचांदीसाठी सेट केलेलं असतं, आकड्यावर विसंबू नका. स्टडला मात्र उपयोग नाही. एक्सआरएफ फक्त एकूण क्रोमियम दाखवतं, तीनचं का सहाचं ते त्याला कळत नाही.

त्याला स्पॉट टेस्ट लागते. डायफिनाइलकार्बाझाइडचं आम्लातलं द्रावण, एक थेंब टाकायचा, हेक्स असेल तर जांभळट गुलाबी होतं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुद्धा होईल. फक्त गुलाबी झालं नाही म्हणून लगेच नाचू नका, जुन्या किंवा तापलेल्या कोटिंगमध्ये हेक्स कमी होत जातं. ताज्या लॉटचा नमुना घ्या.

रंगावर पण जाऊ नका. ट्रायव्हॅलंटमध्ये, म्हणजे तीनच्यात, रंग घालून पिवळं करतात, आणि हेक्सवालं निळं पण असायचं. डोळ्यानं ओळखणारा खोटं बोलतोय.

घाटावरचा

म्हणजे परत लॅबचा धंदा. बघा, मी म्हणालो नव्हतो.

काळी_माती

मी सहसा लिहीत नाही इथं. माझे वडील एका प्लेटिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं होते, नाव नको. मी लहान असताना ते एक गंमत करून दाखवायचे, एका नाकपुडीतनं दोरा घालून दुसरीतनं काढायचे. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. फार उशिरा कळलं की क्रोमिक अ‍ॅसिडच्या वाफेनं नाकाच्या पडद्याला भोक पडतं, आणि प्लेटिंगमधल्या बऱ्याच जणांना ते असायचं. हाताला पण जखमा, लवकर भरायच्या नाहीत.

हेक्सचं कोटिंग चांगलं असायचं हे खरं, वडीलच सांगायचे, ओरखडा पडला तरी ते स्वतःच भरून येतं. कोटिंग भरून यायचं.

@घाटावरचा, नाटक असेल. पण त्या नाटकामुळं एक टाकी जरी बदलली तरी मला चालेल.

घाटावरचा

ताई, माफ करा. माझा रोख कामगारांवर नव्हता. आमच्याकडं पण एक आजोबा दोरा घालून दाखवायचे, मला आत्ता कळलं.

निवृत्त_कोअरमेकर

पोरी, वाचलं. काय लिहू.

पंचगंगाकाठ

आणि त्या टाक्यांचं पाणी कुठं जायचं ते पण कुणीतरी लिहा. जुलैत नदी भरली की सगळे फोटो काढायला जातात, मार्चमध्ये मासे वर आल्यावर कुणी जात नाही. तुकड्यात हेक्स नाही म्हणून जर्मनी खूश, पण ते तुकड्यात उतरायच्या आधी ज्या पाण्यात होतं ते पाणी इथंच. निदान हेक्स बंद झालं तर ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये, हेक्सचं तीन करायची एक पायरी तरी कमी होते, जी निम्मे लोक करतच नव्हते.

चपलेचा_अंगठा

थोडं विषयांतर पण संबंध आहे. कोल्हापुरी चपलेत पण हेच आहे. खरी चप्पल बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची, त्यात क्रोमियम घालतच नाहीत. 2019 ला जीआय मिळाला, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. पण बाजारात क्रोम टॅनिंगच्या चामड्याची पण कोल्हापुरी म्हणून खपते. क्रोम टॅनिंगमध्ये वापरतात ते तीनचं, पण ऊन, उष्णता, चुकीचं तेल यानं त्यातलं थोडं सहाचं होऊ शकतं. मे 2015 पासून तिकडं चामड्यात सहाचं किलोला 3 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

आमचा एक लॉट मात्र चामड्यामुळं नाही, पुडीमुळं अडला. बुरशी लागू नये म्हणून खोक्यात घातलेली पांढरी पुडी. त्यात डायमिथाइल फ्युमरेट असू शकतं, आणि ते तिकडं 2009 पासून बंद, कारण सोफ्यात, बुटात ठेवलेल्या असल्या पुड्यांनी लोकांची कातडी भाजल्यासारखी झाली होती. चप्पल आजोबांच्या पद्धतीनं शिवलेली, आणि अडली दोन रुपयांच्या पुडीवर.

तांबडा_पांढरा

प्राडानं मिलानच्या रॅम्पवर नेली तेव्हा पुडी घातली होती का विचारलं पाहिजे.

चपलेचा_अंगठा

त्यांना पुडीच काय, नाव पण आधी घालायला सुचलं नव्हतं.

उद्यमनगरी

प्रायमरबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडं सगळे रेड ऑक्साइड मारतात. त्यात शिसं नसतं ना? लाल म्हणजे शेंदूर ना?

लॅबवाली

रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंज, साधा आयर्न ऑक्साइड. शेंदूर तो वेगळा, तो पूर्वापार शिशाचा, रंगवाले त्याला रेड लेड म्हणतात. दोन्ही लाल, म्हणून गोंधळ. पण डबा बघितल्याशिवाय सांगू नका, आणि वरून पिवळा किंवा नारिंगी टॉपकोट मारत असाल तर लेड क्रोमेट विचाराच.

आणखी एक. लोक म्हणतात भारतात शिशाचा रंग बंद झालाय. तो नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना आहे, 90 पीपीएम, नोव्हेंबर 2017 पासून. कारखान्यातला रंग त्यात येत नाही. म्हणजे बेडरूमच्या भिंतीला मिळणार नाही असा रंग पंपाला मिळू शकतो.

नवखा_07

मला पण असाच मेल आलाय, कुणी भरलेला फॉर्म पाठवेल का, मी नाव बदलून घेतो.

पुणेरी_पाटी

@नवखा_07 नको हो. एकदा माझ्याकडे तीन सप्लायरांची एकच डिक्लेरेशन आली होती, तिघांत स्पेलिंगची चूक पण तीच, आणि एकाच्या कागदावर दुसऱ्याच्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं.

जॉबवर्कवाला

मंडळी, नऊ दिवसांनी येतोय. सात दिवसांची मुदत चार दिवसांनी वाढवून मागितली, लगेच दिली, एवढं सोपं असतं माहीत नव्हतं.

काय काय झालं ते सांगतो. फाउंड्रीनं टेस्ट सर्टिफिकेटबरोबर एका ओळीचं पत्र दिलं, काम झालं. बुशवाला आधी "आमच्याकडं शिसं-बिसं काय नाही, ओरिजिनल गनमेटल आहे" असं तीन वेळा म्हणाला, मग मी विचारलं 85-5-5-5 मधला तिसरा पाच कशाचा, तर गप्प. मग हसला आणि सर्टिफिकेट दिलं. 4.8 टक्के.

रंगाच्या दुकानदारानं एसडीएस मागितल्यावर माझ्याकडं असं बघितलं जणू मी त्याच्या पोरीची पत्रिका मागितली. शेवटी कंपनीच्या साइटवरनं आम्हीच काढला. रेड ऑक्साइड आहे, शिसं नाही. तेलाचं पण निघालं, बरं आहे. टेफ्लॉन टेप "आहे" म्हणून लिहिली.

स्टडचं मात्र उद्यमनगरी म्हणाले तेच झालं. आम्ही स्टड दुकानातनं तयार घेतो, दुकानदाराला प्लेटिंग कुठं होतं हेच माहीत नाही, त्याला पण दुसऱ्याकडनं येतात. पुतण्या बीएस्सीला आहे, त्याच्या सरांनी लॅबमध्ये थेंब टाकून दिला. पाच स्टडवर टाकला, तीन गुलाबी, दोन नाही. एकाच पिशवीतले स्टड! म्हणजे दोन ठिकाणचा माल मिसळलेला. मला त्या गुलाबीपेक्षा ते दोन जास्त लागले, कारण त्यातलाच एखादा मी लॅबला पाठवला असता तर रिपोर्ट स्वच्छ आला असता आणि मी सही केली असती.

पुण्याला सरळ लिहिलं. बुशमध्ये 4.8 टक्के शिसं आहे, जुन्या स्टडमध्ये हेक्स सापडलंय, नवीन लॉटपासून ट्रायव्हॅलंट देतो, स्टडमागं दर थोडा वाढेल. यादीची तारीख पण घातली, नाहीतर सहा महिन्यांनी नवीन नाव आलं की मीच खोटा. ईमेल पाठवून रात्रभर झोपलो नाही. सकाळी उत्तर आलं, एक ओळ. "धन्यवाद, बुशमधल्या शिशाचा कॅस नंबर पण लिहा." बास.

लॅबवाली

7439-92-1. प्रत्येक रसायनाला असा एक ठरलेला नंबर असतो. डोळे झाकून लिहिलात तरी चालेल, एवढंच.

पुणेरी_पाटी

तो नंबर तिकडं आयात करणाऱ्याला एका डेटाबेसमध्ये भरावा लागतो, जानेवारी 2021 पासून. त्यांना तुमचं "नाही" नकोच होतं, नंबर हवा होता. रोहसचं उत्तर आलं का?

जॉबवर्कवाला

आलं. पंप ते मोटरशिवायच विकतात म्हणे, लागू नाही. तसं लेखी घेतलंय. दरवाढ मात्र "विचाराधीन" आहे.

घाटावरचा

विचाराधीन म्हणजे नाही. बघा, सर्टिफिकेट पाहिजे पण पैसे... जाऊ दे, गप्प बसतो.

उद्यमनगरी

भावा, ट्रायव्हॅलंटवाला कोण मिळाला? मी ज्याच्याकडं जातो तो म्हणतो पीएच सांभाळत बसावा लागतो, छोट्या लॉटला परवडत नाही.

जॉबवर्कवाला

गोकुळ शिरगावात एक आहे, खासगी निरोप पाठवतो. त्याचं पण तेच म्हणणं होतं, मग आम्ही शेजारच्या तीन शॉपचे स्टड एकत्र करून एक लॉट केला, तेव्हा तयार झाला. तुमचे पण घाला त्यात.

काळी_माती

त्याच्याकडं टाकीवर एक्झॉस्ट आहे का?

जॉबवर्कवाला

ताई, खरं सांगतो, बघितलं नाही. बुधवारी लॉट घेऊन जायचंय, तेव्हा बघून सांगतो.

वरणफळ

आणि ते जुने हेक्सवाले स्टड? त्यांचं काय केलं?

जॉबवर्कवाला

आठशे निघाले. वेगळ्या डब्यात बंद करून ठेवलेत, कुणी चुकून वापरू नये म्हणून डब्याला लाल रंग मारलाय.

उद्यमनगरी

कुठला लाल?

जॉबवर्कवाला

...थांबा, डबा बघून येतो.